डबल बेल

प्रिय कंडक्टरबाई,

हे नाव वाचून तू नाक मुरडणार, ते मला इथे बसून दिसतंय. आता तू मोठी झालीस, लोक तुला मॅडम म्हणतात, पाय मोडून पडलेल्या मुलांना तू पुन्हा चालायला शिकवतेस. पण माझ्यासाठी तू अजून तीच, शाळा सुटली की डेपोत येऊन उभ्या गाडीत चढणारी, रिकाम्या सीटांना तिकिटं फाडून देणारी आणि घंटीची दोरी दोनदा ओढून मला बजावणारी, चला ड्रायव्हर, डबल बेल झाली. गाडी बंद असायची, मी डबा खात असायचे, तरी तोंडाने इंजिनाचा आवाज काढून गाडी सोडावी लागायची. नाही सोडली तर तू गाल फुगवून बसायचीस. आता गाड्यांत कंडक्टर राहिले नाहीत, दोरीही गेली, पॅसेंजर मशीनला कार्ड लावतात आणि मुकाट्याने बसतात. तुझे गाल मात्र अजून तसेच फुगतात.

फोनवर आपण बोलतो, नाही असं नाही. तुझ्याकडे ऊन आहे का, आमच्याकडे ढग आहेत, जेवलीस का, जेवले. इतकं हवामान तर रेडिओवरही सांगत नाहीत. बाबा शेजारी बसून कपाळाला हात लावतात. मागच्या वर्षीचं ते जेवण मी विसरलेले नाही आणि तूही विसरली नसशील. इथल्या मुलांच्या हॉस्पिटलने तुला बोलावलं होतं, तू घरी राहणार होतीस, तुझी जुनी खोली मी मनातल्या मनात रंगवूनही टाकली होती. आणि तू मजेत सांगितलंस की कामावर रोज सायकलने जाईन. घरापासून हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता म्हणजे माझाच रूट, पाण्याच्या टाकीपासून शेवटच्या स्टॉपपर्यंत. मी म्हटलं, माझ्या गाडीने जा, दारात सोडीन. तू म्हणालीस, मी पार्सल नाही. मी म्हटलं, तू त्या रस्त्यावर सायकल घातलीस तर मी तिथे गाडी चालवणार नाही. तू म्हणालीस, मग मी येतच नाही. बाबांनी आपल्या दोघींच्या मध्ये पाण्याचा जग सरकवला, जणू टेबलाला आग लागली होती. तू गेलीस, हॉस्पिटलला नकार कळवलास, आणि मी जिंकले. असं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

आता त्याच हॉस्पिटलने पुन्हा विचारलंय आणि महिनाअखेरीपर्यंत तुला उत्तर द्यायचंय, हे मला ठाऊक आहे. बाबांच्या पोटात काही राहत नाही. तू त्यांना काय म्हणालीस तेही त्यांनी सांगितलं, की यायचं तर खूप आहे, पण आईचा जीव रोज टांगणीला लावून मला तिथे राहायचं नाही. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. पण मी तुला ये म्हणणार नाही, येऊ नकोस असंही म्हणणार नाही. मी फक्त डेपोतल्या बातम्या सांगणार आहे. तू आपली पाय पसरून बस आणि वाच.

तू गेल्यावर थोड्याच दिवसांत पालिकेने ठरवलं की टाकीपासून हॉस्पिटलपर्यंत सायकलींचा वेगळा रस्ता करायचा. त्यासाठी रस्ते खात्यातली एक इंजिनिअर आमच्या कँटीनमध्ये आली. खांद्याला नकाशांची नळी, हातात मोजायची टेप. बोलताना ती टेप हातभर बाहेर ओढायची आणि खटकन सोडून द्यायची, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी तिचं नाव टेपबाई पडलं. तिचं म्हणणं साधं होतं. आज स्टॉप आला की आम्ही गाडी फुटपाथाला लावतो. मग कडेने येणाऱ्या सायकलने एकतर गाडीमागे ताटकळायचं, नाहीतर वळसा घालून भर रहदारीत शिरायचं. टेपबाई म्हणाली, स्टॉपच उचलून थोडा रस्त्यात आणू, ओट्यासारखा, आणि सायकलचा रस्ता त्याच्या मागून, फुटपाथाला लागून नेऊ. गाडी आपल्या जागी उभी राहील, सायकल मागून निघून जाईल, कोणी कोणाच्या वाटेत यायला नको. ऐकायला छान. पण गाडी भर रस्त्यात उभी राहिली म्हणजे मागच्या सगळ्या गाड्या खोळंबणार आणि शिव्या कोणाला, तर आम्हाला. असा गलका झाला की चहावाल्याने कपबशा आत उचलून ठेवल्या. सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा होता ते तुला सांगायला नको. मी बाकावर उभी राहून विचारलं, इतकी वर्षं या सायकलवाल्यांना आम्ही सांभाळून घेतोय, आता त्यांच्यासाठी रस्त्यात खांबासारखं उभंही राहायचं का. टाळ्या पडल्या. मला फार बरं वाटलं.

टेपबाई चिडली नाही, त्याचाच मला जास्त राग आला. तिने टेप खटकन सोडली आणि म्हणाली, आपण एक दिवस ठरवू. आम्ही सायकलवाले तुमच्या सीटवर बसू, तुम्ही सायकलवर बसा आणि तुमचीच गाडी तुमच्या शेजारून जाऊ दे. त्यानंतर ड्रायव्हर जे म्हणतील ते मी वर कळवीन. तुम्ही नको म्हणालात तर स्टॉप आहेत तिथेच राहतील, कडेने नुसता रंगाचा पट्टा मारू. आता रंगाचा पट्टा म्हणजे काय, प्रत्येक स्टॉपला आमची चाकं त्याच्यावरूनच जाणार. मग तिने विचारलं, सायकलवर आधी कोण बसतंय. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तुझा हॉर्नकाका, माझ्या मागच्या गाडीवर असतो तो, जो रिकाम्या रस्त्यातही सवयीने हॉर्न मारतो, तो तर माझं नाव घेऊन ओरडायलाच लागला. मी म्हटलं, बसते की, त्यात काय. घरी येऊन बाबांना सांगितलं तेव्हा ते शिवणाच्या मशीनवर होते. त्यांनी पाय थांबवला, चष्मा काढला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. कारण अख्ख्या जगात त्यांना एकट्यालाच माहीत होतं की तुझ्या आईला सायकल येत नाही.

तू समजत आलीस की मला सायकल आवडत नाही. आवडायला आधी चालवता यावी लागते. आमच्या घरी एकच सायकल होती, ती तुझ्या मामाची, आणि तो तिला कुलूप लावून किल्ली गळ्यात घालून झोपायचा. पुढे मी थेट मोठ्या गाडीवर गेले. ड्रायव्हर म्हणून लागले तेव्हा बाईला ही गाडी झेपेल का, असं विचारणारे पैशाला पासरी होते. त्यांच्यासमोर मला दोन चाकांवर बसता येत नाही हे कोण सांगणार. तू शिकलीस तेव्हा बाबा तुझ्यामागे धावले आणि मी ड्यूटी आहे सांगून सटकले. आणि आता या वयात, सुटीच्या दिवशी सकाळी, डेपोच्या मागच्या पटांगणात बाबा माझ्यामागे धावायला लागले. माळ्यावरून तुझी शाळेची सायकल काढली, चेनला तेल घातलं, घंटी पुसली, सीट वर चढवली. बाबांचा उभा जन्म डेपोत सीटा शिवण्यात गेला, त्यामुळे उरलेलं कापड आपल्या घरात कधी संपत नाही. त्यातूनच त्यांनी मला गुडघ्यांना आणि कोपरांना उशा शिवून दिल्या, तेच निळं कापड, पिवळ्या ठिपक्यांचं. मी चालतीफिरती सीट दिसत होते. हॉर्नकाकाने बघितलं असतं तर वर येऊन बसला असता.

पडण्याचं मला काही वाटलं नाही. माझी पंचाईत वेगळीच होती, मी सायकलला बस समजून चालवत होते. मोठी गाडी वळवताना आधी सरळ पुढे काढावी लागते, नाहीतर मागची चाकं कोपरा कापतात. हाताला तीच सवय. मी सायकलही तशीच पुढे काढायचे आणि वळायची वेळ येईपर्यंत समोरच्या कुंपणात जायचे. बाबा मला कुंपणातून सोडवत विचारायचे, मागे किती पॅसेंजर घेतलेस. आरशाशिवाय मला चालवताच येईना, तेव्हा त्यांनी भंगारातून एक गोल आरसा आणून हँडलला बसवला. उतरताना मी हँडब्रेक चाचपायचे. आणि बाबा कॅरिअर धरून मागे पळायचे ते सोडायचं नाव घेत नव्हते. शेवटी एका सकाळी मी ओरडले, सोडा हो आता, मला जमतंय. मागून धापा टाकत आवाज आला, मी तुला धरलेलं नाहीये, मी तुला लटकलोय. मला असं हसू फुटलं की बाबांचा हात कधी सुटला कळलंच नाही. आरशात बघते तर ते लांब मागे, गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेले, आणि मी पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला. तेव्हा मला कोणाला तरी फोन करावासा वाटला. कोणाला ते तू ओळख. पण आपलं हवामान चालू होतं, म्हणून नाही केला.

ठरलेल्या दिवशी डेपोच्या पटांगणात आधी टेपबाई माझ्या सीटवर बसली. दाराच्या बाजूला बाहेर शाळेची मुलं सायकली घेऊन उभी केली होती, चांगला घोळका, आणि त्यांच्यात बाबाही. मी खालून विचारलं, कोणी दिसतंय का. तिने आरसा बघितला, मान लांब केली, पुन्हा आरसा बघितला आणि म्हणाली, कोणीच नाही. मग बाबांनी काचेवर टकटक केलं तेव्हा ती दचकली. दाराजवळची, आरशात न येणारी ती आंधळी जागा तिला नकाशात माहीत होती, सीटवर बसून माहीत नव्हती. खाली उतरली तेव्हा टेपसुद्धा खटकन वाजली नाही. नंतर बऱ्याच दिवसांनी कळलं की त्याच संध्याकाळी तिने नकाशातल्या सगळ्या सिग्नलांच्या रेषा बदलून घेतल्या. आता सायकली गाड्यांच्या बऱ्याच पुढे थांबतात, ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर. मुलं मागे वळून आम्हाला वाकुल्या दाखवतात तेही दिसतं.

मग माझी पाळी. जमिनीवर रस्त्यावरच्यासारखाच पट्टा आखला होता, त्या पट्ट्यातून मी निघाले. हॉर्नकाका माझीच गाडी घेऊन मागून आला. नेहमी जेवढ्या अंतराने जातो तेवढ्यानेच जा, असं त्याला सांगितलेलं. ती गाडी मी आतून ओळखते, तिचा कुठला बोल्ट कधी कुरकुरतो ते सांगेन. पण बाहेरून, पाठीमागून येताना मी तिला कधी ऐकलंच नव्हतं. आधी जमीन थरथरली, मग पाठीला गरम हवा लागली, मग ते चाक माझ्या कोपराशी, आणि त्यामागून ती लांबलचक भिंत, जी संपतच नव्हती. सीटवर बसून मला जे क्षणभराचं वाटायचं ते खाली केवढं मोठं असतं. मी पडले नाही. पण थांबल्यावर हँडलवरची बोटं उघडेनात. आणि खरं सांगते, त्या वेळी मी मला दिसलेच नाही, तूच दिसलीस, पाठीला दप्तर, वेणी एका बाजूला सुटलेली, जशी शाळेत जायचीस तशी. मी फार घाबरले ग. सगळ्यांसमोर माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

मग हात वर करून काकाला म्हटलं, परत ये, लांबून ये. तो आला. अजून लांबून. अजून. टेपबाई दर वेळी अंतर मोजत होती. दीड मीटरच्या पुढे गेलं तेव्हा कुठे माझी बोटं सैल झाली. मग मी काकाला खाली उतरवून सायकलवर बसवलं आणि गाडी मी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा काकाने हॉर्नशिवाय आवाज काढला. नंतर तो कँटीनमध्ये बराच वेळ चहाचा कप धरून बसला होता, चहा निवला तरी. तेव्हापासून सायकलमागे हॉर्न मारत नाही. लोकांना वाटतं त्याचा हॉर्न बिघडलाय.

एवढं सांगितलंच आहे तर आणखी एक सांगून टाकते. तू सायकलने शाळेत जायला लागलीस त्या वर्षी मी आपला रूट सोडून नदीपलीकडच्या कारखान्यांच्या रूटवर गेले होते, आठवतं का. तुला सांगितलं की तिकडे रस्ते मोकळे आहेत. होतेही, पण ते कारण नव्हतं. सकाळी माझ्या आरशात शाळेच्या सायकली यायच्या. आरशात दिसायच्या आणि मग दाराजवळच्या त्या आंधळ्या जागेत नाहीशा व्हायच्या, आणि पुन्हा पुढे दिसेपर्यंत मी श्वास धरून असायचे. रोज, प्रत्येक स्टॉपला. दुसऱ्यांच्या मुलांसाठी मी तो धरू शकत होते. त्यांच्यात तू असतीस तर माझा हात स्टिअरिंगवर ठरला नसता. तू शिकायला बाहेर गेलीस तेव्हाच मी आपल्या रूटवर परत आले. मागच्या वर्षी जेवताना हेच सांगायचं होतं, तोंडातून भलतंच बाहेर पडलं. भीती वाटते म्हणायला मला जड जातं, राग मात्र जिभेवर तयार असतो. हसू नकोस, हे तू माझ्याकडूनच उचललं आहेस.

तर पुढची बातमी. कँटीनमध्ये पुन्हा सगळे जमले, मी पुन्हा त्याच बाकावर चढले आणि म्हटलं, मागे मी जे बोलले ते विसरा, स्टॉप पुढे घ्या. एक-दोघांनी तोंडं वाकडी केली. एकाने विचारलं, मग मागच्या गाड्यांच्या शिव्यांचं काय. मी म्हटलं, माझ्या नावावर पाठवा. आमची एक अट होती, की स्टॉपचा ओटा गाडीच्या पायरीइतका उंच हवा, म्हणजे म्हातारी माणसं पटापट चढतील आणि गाडी रस्त्यात कमी वेळ उभी राहील. टेपबाईने नकाशा उलगडून दाखवलं, ओटा आधीपासून तेवढाच उंच काढलेला होता. आम्हीच ओरडण्याच्या नादात बघितला नव्हता. मग जे काम सुरू झालं ते कित्येक महिने. धूळ, खड्डे, रोज नवा वळसा, घरी आल्यावर माझे केस पांढरे, म्हणजे आहेत त्याहून पांढरे. बाबांनी तुला रस्ता खणलाय एवढंच सांगितलं, कारण बाकीचं मी सांगायचं असं आमचं ठरलं होतं. त्यांनी हे एक गुपित पोटात ठेवलं याबद्दल त्यांचं कौतुक कर. त्यांना फार त्रास झाला.

आता रस्ता तयार आहे. गेल्या सुटीला मी आणि बाबा आपल्या दारापासून हॉस्पिटलपर्यंत जाऊन आलो, मी तुझ्या सायकलवर, बाबा शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या सायकलवर. टाकीचा स्टॉप आला आणि मी थांबले. बाबा माझ्या मागच्या चाकावर येऊन आदळले. पुढच्या स्टॉपला मी पुन्हा थांबले. इतक्या वर्षांची सवय, स्टॉप दिसला की पाय आपोआप ब्रेक शोधतात, त्याला मी काय करू. बाबा म्हणाले, तू पुढे हो, मी पुढच्या गाडीने येतो. फुलवालीच्या स्टॉपवर माझ्या रोजच्या आजी बसल्या होत्या, त्या काठीवाल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, निळ्या उशांसकट, आणि विचारलं, आज एवढीच गाडी आणलीस का. मी म्हटलं, माझी सुटी आहे आजी, मोठी गाडी मागून येतेय. त्या म्हणाल्या, सुटी असून वेळेवर आलीस, कामावर असतेस तेव्हा उशीर करतेस. तेवढ्यात हॉर्नकाकाची गाडी आली, ओट्याला लागली, आजी काठी न टेकता आत गेल्या. मी स्टॉपच्या मागे उभी राहून बघत होते. गाडी तिकडे, मी इकडे, मध्ये ओटा. कोणी कोणाला घाबरलं नाही. इतकी साधी गोष्ट, पण मला तिथून हलावंसं वाटेना.

सगळं गोडच आहे असं नाही. रंगाच्या दुकानाजवळचं वळण अजून अरुंद आहे, तिथे वेग कमी कर. स्टॉपवर उतरणारी काही माणसं न बघता सायकलच्या रस्त्यात पाय टाकतात, तिथे घंटी वाजवावी लागते आणि ते आपल्याकडेच रागाने बघतात. एका सामानाच्या टेम्पोने भर रस्त्यात ठाण मांडलं होतं. मी काचेवर टकटक करून ड्रायव्हरशी ड्रायव्हरच्या भाषेत बोलले, त्याने लगेच काढला. पुढे झाडांची सावली आहे, उतार आहे, तिथे मी पाय उचलून घेतले आणि सायकल नुसती जाऊ दिली. तू लहानपणी करायचीस तसं. हॉस्पिटलच्या दारात सायकलींसाठी चांगलं छप्पर केलंय. मी रखवालदाराला विचारलं, माझी मुलगी रोज सायकल आणणार असेल तर इथे जागा मिळेल का. तो म्हणाला, मिळेल की बाई, कितवीत आहे. बाबांनी लगेच तोंड फिरवलं, त्यांचे खांदे हलताना मला दिसत होते. मी म्हटलं, मोठी आहे, पण रुसते अजून पहिलीतल्यासारखी.

शेवटची बातमी मुद्दाम मागे ठेवली होती. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी गाडी सोडते आहे. घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. साहेबांनी मला नव्या ड्रायव्हरांना शिकवायला घेतलंय आणि पहिला धडा मी ठरवून टाकलाय, स्टिअरिंगला हात लावायच्या आधी प्रत्येकाने पटांगणातल्या त्या पट्ट्यात सायकल चालवायची. म्हणजे शनिवारची सकाळची फेरी ही माझी माझ्या रूटवरची शेवटची फेरी. हॉस्पिटलला काय कळवायचं ते तूच ठरव. नाही म्हणालीस तरी मी गाल फुगवणार नाही, हो म्हणालीस तर खोलीचा रंग तू निवड. पण त्या दिवशी मात्र ये. तुझी सायकल दारात उभी आहे, हवा भरलेली आहे, आरसा तेवढा काढू नकोस. बाबा शेवटच्या सीटवर बसणार आहेत, ती त्यांनी नव्याने शिवली आहे. तू टाकीपासून माझ्याबरोबर निघ, मी माझ्या रस्त्याने, तू तुझ्या. इतकी वर्षं मी त्या आरशात बघत आले ते तू दिसू नयेस म्हणून. शेवटच्या फेरीला मला तू दिसायला हवी आहेस. प्रत्येक स्टॉपला पॅसेंजर चढले, दार लागलं, तरी मी थांबून राहीन. तू ओट्याच्या मागून पुढे आलीस, मला दिसलीस, की सायकलची घंटी दोनदा वाजव. मग मी गाडी सोडीन.

तुझीच,
ड्रायव्हर